माझदा : हिरोशिमाची गाडी, तिचा इतिहास आणि वापरणाऱ्यांची मतं

यंत्रवेडा

मेलबर्नला नवीन आलेले मराठी मित्र गाडी घ्यायची वेळ आली की हमखास विचारतात, "टोयोटा घेऊ की माझदा?" टोयोटा आपल्या ओळखीची असते. माझदाबद्दल मात्र भारतातून येताना बहुतेकांना काहीच माहिती नसते, कारण तिच्या कार तिकडे कधी अधिकृतपणे विकल्याच गेल्या नाहीत. इथे २०११ आणि २०१२ मध्ये माझदा ३ ही देशात सर्वाधिक खपलेली गाडी होती. म्हणून हा धागा. आधी थोडा इतिहास लिहितो, कारण ही कंपनी असं का वागते ते त्यावरून उलगडतं. मग ज्यांनी चालवली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

३० जानेवारी १९२० ला हिरोशिमात तोयो कॉर्क कोग्यो नावाची कंपनी निघाली. धंदा बुचाचा. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा अध्यक्ष झाले. कोळ्याच्या घरात जन्मलेला, लहान वयात ओसाकाला लोहाराकडे उमेदवारी केलेला माणूस. १९२५ मध्ये कारखान्याला आग लागली, त्यानंतर त्यांनी बुचाऐवजी यंत्रांकडे मोर्चा वळवला. १९३१ मध्ये तीनचाकी मालवाहू गाडी आली आणि 'माझदा' हे नाव पहिल्यांदा तिच्यावर लागलं.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरोंचा सत्तरावा वाढदिवस. कारखाना शहराच्या पूर्वेला फुचूमध्ये होता, स्फोटकेंद्रापासून साधारण ५ किलोमीटरवर, आणि मध्ये हिजियामा ही टेकडी. तिच्यामुळे इमारती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. जुजिरो वाचले, त्यांचा एक मुलगा गेला. शहराचं सरकारी कामकाज चालवायला जागाच उरली नव्हती, म्हणून हिरोशिमा प्रांताचं कार्यालय पुढचे कित्येक महिने याच कारखान्याच्या आवारातून चाललं. आणि त्याच डिसेंबरमध्ये तीनचाकींचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. शहर पुन्हा बांधायचं म्हणजे विटा, लाकूड, धान्य वाहायला काहीतरी हवंच होतं. माझदाला हिरोशिमा आजही आपली का मानते, त्याचं मूळ इथे आहे.

रोटरी इंजिनाबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

गॅरेजवाला_सांगली

धागा झकास. पण माझदाचं भारताशी काहीच नातं नाही असं नवीन पोरांना वाटायला नको, म्हणून लिहितो. स्वराज माझदा! ऐंशीच्या दशकात हलक्या ट्रकसाठी चार जपानी जोड्या आल्या : डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी आणि पंजाब ट्रॅक्टर्सबरोबर माझदा. स्वराज माझदाचा कारखाना पंजाबात रोपडजवळ आसरोंला. चारांपैकी डीसीएम आणि ऑल्विन लवकर आटोपल्या. स्वराज माझदा टिकली. आमच्या भागात शाळेच्या बस, कारखान्याच्या स्टाफ बस, लग्नाची वऱ्हाडं, सगळीकडे ती होती. लोक 'माझदा' म्हणायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर कार नसायचीच, बस असायची.

पुढे माझदा बाहेर पडली, इसुझू आली, २०११ मध्ये नाव एसएमएल इसुझू झालं. २०२५ मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली. ऑल्विन निसानही शेवटी महिंद्राकडेच गेली होती.

आणखी एक. २००३ साली आलेली पहिली फोर्ड एंडेव्हर आठवते ना? तिचं २.५ लिटर डिझेल इंजिन माझदाचं. एंडेव्हरचं बॉनेट उघडून काम केलेल्या मेकॅनिकने माझदाला हात लावलेला आहे, नाव ठाऊक असो वा नसो.

यंत्रवेडा

गॅरेजवाले, एंडेव्हरचं लिहिलंत ते उत्तम. फोर्डचा धागा पुढे येईलच.

आता रोटरी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपान सरकारच्या व्यापार-उद्योग खात्याला वाटत होतं की देशात मोटारकंपन्या जास्त झाल्या, लहान कंपन्यांनी मोठ्यांत विलीन व्हावं. माझदाची पहिली प्रवासी गाडी, छोटी आर३६० कुपे, आली होती १९६० मध्ये. म्हणजे रांगायला लागल्या लागल्या विलीन व्हा असा निरोप. तेव्हा अध्यक्ष होते जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा. स्वतंत्र राहायचं तर आपल्याकडे असं काही हवं जे कुणाकडेच नाही, हे त्यांनी ओळखलं. जर्मनीत एनएसयू कंपनीकडे फेलिक्स वांकेल यांचं फिरतं इंजिन होतं. १९६१ मध्ये माझदाने त्याचा परवाना घेतला.

या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. मध्ये किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला घासत जातात, आणि भिंत व त्रिकोण यांच्यामधल्या तीन जागा आळीपाळीने लहानमोठ्या होतात. त्यातच हवा आत येणं, दाबली जाणं, स्फोट आणि धूर बाहेर हे सगळं घडतं. धक्के नाहीत, इंजिन सुरेख गुळगुळीत फिरतं. कागदावर.

प्रत्यक्षात टोकांवरच्या सीलनी (टोक आणि भिंत यांच्यातली फट बंद ठेवणाऱ्या पट्ट्यांनी) गोंधळ घातला. काही तास चालवून इंजिन उघडलं की आतल्या चकचकीत क्रोमच्या भिंतीवर आडवे पट्टे पडलेले. इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. शाळेत फळ्यावर खडू उभा धरून ढकलला की तो थरथरतो आणि सलग रेघेऐवजी तुटक तुटक ठिपके उमटतात, तसंच सील भिंतीवर थरथरत होतं. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. जपानी कथेतल्या ४७ रोनिन सामुराईंवरून त्यांना तेच नाव पडलं. त्यांनी सीलची थरथरण्याची लय बदलून पाहिली, आतून छिद्रं पाडून पाहिली, धातू बदलले. शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील टिकलं. ३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. पाच वर्षांत जेमतेम १,१७६ गाड्या बनल्या, पण काम झालं होतं.

परवाना घेणारे इतरही बरेच होते. बहुतेकांनी नाद सोडला. माझदाने सोडला नाही, कारण तिला तो सोडणं परवडणारच नव्हतं. मला या कंपनीबद्दल जे वाटतं ते याच गोष्टीमुळे. मोठी कंपनी एखादा प्रयोग फसला की दुसरा करते, माझदाकडे दुसरा नव्हता.

टोरांटोचा_सदा

इतिहास वाचून आनंद झाला, पण कॅनडातल्या मंडळींसाठी गंजाबद्दल स्पष्ट लिहिलं पाहिजे. पहिल्या पिढीची माझदा ३ (२००३ च्या शेवटापासून २००९ पर्यंतची) इथे गंजासाठी कुप्रसिद्ध आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. मागच्या चाकांवरची कमान आतून आधी सडते, बाहेर रंगाखाली फोड दिसतो तोवर आत भोक पडलेलं असतं. इंजिन ठणठणीत आणि अंगाला चाळणी, अशा कितीतरी गाड्या भंगारात गेल्या.

जुनी बघायला गेलात तर हात घालून कमानीच्या आतली कड चाचपा. बोटाला खवले लागले की पुढे जाऊ नका. विकणारा कितीही गोड बोलो.

२०१२ नंतरच्या स्कायॲक्टिव्ह गाड्या याबाबतीत खूपच सुधारल्या, हे इथले मेकॅनिकही सांगतात. तरी दर हिवाळ्याआधी खालून तेलाचा फवारा मारून घ्यावाच. माझ्याकडे आता सीएक्स-५ (माझदाचीच एसयूव्ही) आहे, तिला मारतो. खर्च थोडा, झोप शांत.

अदिती_एनजे

आमच्याकडेही सीएक्स-५, दुसऱ्या पिढीची, साधं २.५ लिटर पेट्रोल. वापरणारीच्या नजरेतून लिहिते.

स्टिअरिंग. हे एकच कारण पुरेसं आहे. महामार्गाचा वळता रॅम्प घेताना गाडी कुठे आहे ते हातांना कळतं. सास-यांना मात्र बसायला कडक वाटते आणि भारतातून आले की ते मागे बसतात, तिथे त्यांच्या गुडघ्यांना जागा कमीच पडते. होंडा सीआर-व्ही मागच्या सीटला आणि डिकीला सरळ सरळ मोठी आहे. दोन कारसीट आणि मध्ये आजी असं रोजचं गणित असेल तर सीएक्स-५ घेऊ नका.

आतलं काम किमतीच्या मानाने फार चांगलं. एसीची बटणं खरी बटणं आहेत. पडदा स्पर्शाने न चालवता गिअरजवळच्या गोल खुंटीने चालवायचा. सुरुवातीला वैताग येतो, सवय झाली की रस्त्यावरून नजर हटत नाही. माझ्या नवऱ्याचं मत उलट आहे, त्याला अजूनही ती खुंटी नको वाटते.

लाल रंग (सोल रेड) उन्हात बघत राहावा असा आहे. पण माझदाचा रंग पातळ, खडीचे टवके लवकर उडतात, अशी तक्रार मालकांच्या तोंडी सर्रास ऐकू येते. लाल घेणार असाल तर बॉनेटला पारदर्शक फिल्म लावून घ्या, कारण तो रंग जुळवून घेणं रंगाऱ्याला अवघड जातं.

एक प्रश्न : हे स्कायॲक्टिव्ह म्हणजे नक्की काय? विक्रेता नुसता तो शब्द परत परत म्हणत होता.

यंत्रवेडा

अदिती, थोडक्यात सांगतो. इंजिनात पेट्रोल-हवा जितकी जास्त दाबाल तितकं त्याच इंधनातून जास्त काम मिळतं. पण जास्त दाबली तर मिश्रण ठिणगीआधीच पेटतं, इंजिन ठोकायला लागतं. म्हणून साधी पेट्रोल इंजिनं १० किंवा ११ पटीवर थांबायची. माझदाने २०११ च्या सुमारास १४ पटीपर्यंत नेलं, तुमच्या अमेरिकेत साध्या पेट्रोलसाठी १३. युक्ती कशात? आधीच्या फेरीचा गरम धूर सिलिंडरमध्ये थोडा उरतो, तो नव्या मिश्रणाला तापवतो. माझदाने एक्झॉस्टचे पाइप लांब केले आणि चाराचे दोन, दोनाचा एक असे जोडले. त्यामुळे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या तोंडात परत ढकलला जात नाही. मग पिस्टनचा आकार, फवारा वगैरे. सगळे जेव्हा लहान टर्बो इंजिनांकडे किंवा हायब्रिडकडे धावत होते तेव्हा हे लोक साध्या इंजिनाच्या पाइपांची लांबी मोजत बसले. मला हे मनापासून आवडतं.

आता फोर्ड. १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोल पिणारी रोटरी गाडी कुणालाच नकोशी झाली. कंपनी बुडायच्या बेतात होती. सुमितोमो बँकेने हात दिला, कारखान्यातल्या कामगारांना गाड्या विकायला डीलरांकडे पाठवलं गेलं. १९७९ मध्ये फोर्डने सुमारे २५ टक्के हिस्सा घेतला, १९९६ मध्ये तो ३३.४ टक्के केला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले, जपानी मोटारकंपनीचे पहिले परदेशी प्रमुख. २००८ पासून फोर्ड विकत विकत २०१५ पर्यंत पूर्ण बाहेर पडली. स्कायॲक्टिव्ह हे फोर्डचा हात सुटत असतानाचं काम आहे, हे लक्षात घ्या. पुन्हा एकटं उभं राहायची वेळ आली आणि पुन्हा इंजिनच हाताशी धरलं.

कृष्णाकाठ

वाचतोय. माहिती जबरदस्त. पण "टोयोटा की माझदा" चं उत्तर अजून आलं नाही. :)

टोरांटोचा_सदा

कृष्णाकाठ, आता तो प्रश्नच सरमिसळ झालाय. २०१७ पासून टोयोटाचा माझदात सुमारे ५ टक्के हिस्सा आहे. अलाबामातल्या हंट्सव्हिलला दोघांचा सामाईक कारखाना आहे, माझदा सीएक्स-५० तिथेच बनते, आणि तिच्या हायब्रिडमध्ये यंत्रणा टोयोटाची. उलट अमेरिकेत टोयोटा यारिस म्हणून विकलेली सेडान मुळात माझदा २ होती.

माझं मत : पेट्रोलचा खर्च आणि पुनर्विक्री हेच पाहायचं असेल तर टोयोटा हायब्रिड. रोज स्वतः चालवणार असाल आणि चालवायला आवडत असेल तर माझदा.

जपानवारी

मी हिरोशिमा प्रांतातच राहतो. इथे माझदा म्हणजे काय ते बाहेरून कळणं अवघड. बेसबॉलचा संघ हिरोशिमा तोयो कार्प, त्यातलं 'तोयो' माझदाच्या जुन्या नावातलं. मैदानाला माझदाचं नाव. शेजारी, दुकानदार, मुलांच्या शाळेतले पालक, कुणी ना कुणी माझदात किंवा तिला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यात असतोच.

कंपनीचं संग्रहालय कारखान्याच्या आवारातच आहे, आधी नोंदणी करून जाता येतं. शेवटी जुळणीचा पट्टा वरून बघायला मिळतो. एकामागून एक वेगवेगळ्या गाड्या एकाच पट्ट्यावरून येतात : छोटी एमएक्स-५, मागे भलीमोठी एसयूव्ही, मग हॅचबॅक, एक डावीकडे स्टिअरिंगची, पुढची उजवीकडे. कामगार प्रत्येकीचा योग्य भाग बिनचूक उचलतो. लहान कंपनीला प्रत्येक गाडीसाठी वेगळा पट्टा परवडत नाही, म्हणून बसवलेली ही शिस्त. मी तिथे हललो नाही बराच वेळ.

आणि तिथेच ती ७८७बी. नारिंगी-हिरवी, क्रमांक ५५. १९९१ ची ल मॉं शर्यत, २४ तास. चालक फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो. चार रोटरचं इंजिन, ७०० अश्वशक्तीच्या आसपास. मर्सिडीज आणि जॅग्वार वेगात सरस होत्या, पण माझदाच्या लोकांनी नियमांची चर्चा करताना वजनाची सवलत पदरात पाडून घेतली होती : ८३० किलो. हलकी गाडी टायर, ब्रेक, इंधन सगळंच कमी खाते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मर्सिडीज पुढे होती, मग तिची गाडी बिघडली आणि ५५ आघाडीवर आली. हर्बर्ट शेवटी चालक न बदलता चालवत राहिले, ३६२ फेऱ्या पूर्ण झाल्या, आणि खाली उतरल्यावर शरीरातलं पाणी इतकं कमी झालं होतं की बक्षीस घ्यायला ते उभे राहू शकले नाहीत. ल मॉं जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. टोयोटाला त्यासाठी २०१८ उजाडावं लागलं. शर्यतीनंतर इंजिन उघडलं तेव्हा आतून उत्तम अवस्थेत होतं, ज्या सीलनी साठच्या दशकात रडवलं होतं त्यांच्यासह.

"माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते तसं नाही. पुढच्या वर्षीपासून ३.५ लिटरची पिस्टन इंजिनंच चालतील असा नियम त्याआधीच ठरला होता. म्हणून तर १९९१ ही त्यांची शेवटची संधी होती, आणि ती त्यांनी घेतली.

निळावंती

जपानवारी, अंगावर काटा आला वाचताना.

एमएक्स-५ बद्दल कुणी लिहीना म्हणून मी लिहिते. न्यूझीलंडमध्ये आमच्याकडे पहिल्या पिढीची आहे, जपानमधून वापरून आलेली. दोन सीट, कापडी छप्पर, डोळे मिटणारे दिवे. अमेरिकन पत्रकार बॉब हॉल यांनी यामामोतोंना (रोटरीवालेच ते!) सुचवलं होतं की जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स गाड्या आता कुणी बनवत नाही, तुम्ही बनवा. पुढे हॉल माझदातच नोकरीला लागले. १९८९ च्या शिकागो प्रदर्शनात ती आली. २०१६ मध्ये दहा लाखावी बनली.

ताकद फार नाही, शर्यत लावाल तर आजची साधी कुटुंबाची गाडीही पुढे जाईल. पण गिअर! मनगट हलवलं की टक्कन पुढच्या घरात. वजन पुढे-मागे जवळजवळ समान, त्यामुळे घाटात वळणावर गाडी तुमच्या कमरेभोवती वळल्यासारखी वाटते. वेलिंग्टनजवळचा रेमुटाका घाट मी तिच्यात उतरते तेव्हा ताशी ६० ला जे सुख मिळतं ते दुसऱ्या गाडीत १०० ला मिळत नाही. सामान मात्र दोन पिशव्या.

इथे नवीन येणाऱ्यांना सूचना : जपानहून आलेल्या गाड्यांची नावं वेगळी असतात. डेमिओ म्हणजे माझदा २, ॲक्सेला म्हणजे ३, ॲटेंझा म्हणजे ६. गाडी तीच. पडद्यावरची भाषा जपानी असते आणि ती बदलणं सोपं नसतं, घेण्याआधी विचारा. जपानमध्ये गाडीची अवस्था नोंदवलेला लिलावाचा मूळ कागदही मागा.

कोकणस्थ_किवी

निळावंतीताई, तुमचं वाचून धीर आला, म्हणून विचारतो. ऑकलंडला एक आरएक्स-८ (माझदाची रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स गाडी) स्वस्तात मिळतेय. २००५ ची, मॅन्युअल. दिसायला देखणी, मागे उलटे उघडणारे छोटे दरवाजे. घरचे नको म्हणतायत. घेऊ का?

निळावंती

हे यंत्रवेडांनी सांगावं. मी एवढंच म्हणेन की घरात ती एकच गाडी असणार असेल तर घरचे बरोबर आहेत.

यंत्रवेडा

निळावंतींशी सहमत. एकुलती एक गाडी म्हणून नको. दुसरी असेल आणि हौस असेल तर पुढचं नीट वाचा.

आरएक्स-८ स्वस्त मिळते त्याला कारण आहे. त्या इंजिनाची (२ रोटर, १.३ लिटर) सील झिजली की दाब कमी होतो आणि मग पूर्ण इंजिन उघडून बांधावं लागतं. तो खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. शिवाय शहरात लिटरला ७-८ किलोमीटर धरून चाला.

बघायला जाल तेव्हा इंजिन आधी पूर्ण गरम होऊ द्या, मग बंद करून लगेच पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू व्हायला वेळ लावत असेल तर दाब गेलेला असण्याची दाट शक्यता. विकणारा "बॅटरी कमजोर आहे" म्हणेल, ते सोडून द्या. त्यानंतर रोटरीच्या माहीतगार गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट. साधा मीटर चालत नाही, प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजू वेगळ्या मोजणारा लागतो. एकूण ६ आकडे मिळायला हवेत. मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगाला ६८० किलोपास्कलच्या खाली एकही नको, आणि एका रोटरच्या तीन आकड्यांत १५० पेक्षा जास्त फरक नको.

घेतलीत तर : हे इंजिन तेल जाळतंच, सीलना वंगण मिळावं म्हणून ते मुद्दाम आत सोडलेलं असतं. पेट्रोल भरताना दर वेळी तेलाची काडी बघा. थंड इंजिन सुरू करून गाडी दारातून फक्त हलवायची आणि बंद करायची, हे कधीही करू नका. आत पेट्रोल साचून पुढच्या वेळी सुरूच होत नाही. आणि गरम झाल्यावर तिला वर फिरवा, मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या आसपासच्या लाल रेषेपर्यंत. बाजारहाटाला हळूहळू नेऊन ही गाडी जास्त खराब होते.

२०१२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं तेव्हा रोटरी संपली असंच वाटलं होतं. २०२३ मध्ये एमएक्स-३० मध्ये एका रोटरचं ८३० सीसी इंजिन परत आलं, पण चाकं फिरवायला नाही, बॅटरी भरायला. त्यामुळे रोटरी स्वतः चालवायची असेल तर तुमच्याकडे जुन्या गाड्यांचाच पर्याय आहे, हेही खरं.

टेस्ट करून घ्या आणि ते ६ आकडे इथे टाका. मग सांगतो.